शास्त्रीय कारणे द्या

"ग्रह व तारे गोल असतात." गुण दोन.
स्रवंतीला एक मिळाला.
'गुरुत्वाकर्षणामुळे' असं तिनं शाईनं लिहिलं,
आणि खाली, पेन्सिलीनं, स्वतःच्या मनानं:
'पण मग आमच्या दारातला दगड गोल का नाही?'
बाईंनी त्या ओळीवर लाल रेघ मारली.
प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्न चालत नाही.

त्या रात्री लाइट गेली.
नीलम नगरातले सगळे माग एकदम थांबले
आणि कानांना इतकं मोकळं वाटलं
की दुखायला लागले.
गच्चीवर गेलो तर फरशी
दिवसभराचं ऊन अजून परत करत होती.
पद्मा मांडीवर सूप घेऊन बसली.
हजाराला दोनशे कमी,
आणि बिड्या वळायला तिला उजेड लागत नाही.

मी सातवी नापास. पण तीस वर्षं सूत हाताळलंय,
ताण म्हणजे काय ते मला कळतं.
म्हटलं, बघ,
तिथं प्रत्येक कण प्रत्येकाला ओढतो,
जवळचा-लांबचा, ओळखीचा-बिनओळखीचा.
त्या ओढीत वर-खाली असं काही नसतं,
सगळ्या बाजूंनी आत, तेच खाली.
जो बाहेर डोकं काढून बसला
तो घसरणार. मग त्याच्या शेजारचा.
घसरता घसरता शेवटी
कुणीच कुणापेक्षा लांब उरत नाही.
त्याला पुस्तकात गोल म्हणतात,
घरात आपण गुंड्रंगा.

"आणि तारे?"
तारा म्हणजे तापलेला वायू, त्याला कुठली आलीय कड!
आतली आच बाहेर ढकलते, अंगावरचा भार आत दाबतो,
जिथं दोघांचं जमतं
तिथं त्याची हद्द.

(हे सगळं मी दुपारी वाचनालयात वाचून आलो होतो.
तिला सांगितलं नाही.)

पद्मा म्हणाली, "भाकरी मी परातीत फिरवते
म्हणून गोल होते. तुमची पृथ्वी कोण फिरवतं?"
म्हटलं, ती फिरते म्हणूनच जरा बिघडलीय,
कमरेशी पोट सुटलंय तिचं.
अंधारात पद्मा हसली. दोरा तुटला असावा,
कारण मग थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"पण दगड?"

दगड लहान आहे.
त्याची पकड त्याच्या वजनाहून मोठी,
म्हणून त्याला वाकडं राहणं परवडतं.
आभाळातही आहेत असे,
बटाट्यासारखे, शेंगेसारखे,
कुणी त्यांना सरळ करायला गेलेलं नाही.
पण इथून मुंबई, आणि वर थोडं,
एवढा रुंद झाला दगड
की त्याला स्वतःचंच ओझं होतं.
मग कोपरे ठेवता येत नाहीत.

तिनं बंद मिलच्या चिमणीकडे बोट केलं.
माझे वडील तिच्या भोंग्यावर उठायचे.
"ही कशी उभी आहे मग?"
पृथ्वीला ती दिसतही नाही, म्हटलं.
डोंगर फार वाढला तर त्याचा पाया
त्याच्याच भारानं पसरतो.
चिमणीचा भार कुणाला?
एवढं बोललो आणि उगाच बोललो असं वाटलं.

स्रवंती गप्प होती.
मग तिनं माझं डाव्या हाताचं बोट धरलं,
शटल लागून मोडलेलं, वाकडंच जुळलेलं,
आणि त्या वाकड्यावरून आपला अंगठा
दोनदा फिरवला.
"हे लहान आहे म्हणून?"
हो, म्हटलं.

कोपऱ्यावर कुणाचा तरी माग सुरू झाला,
मग दुसरा, मग सगळी गल्ली.
पद्मानं सूप उचललं, मी चप्पल शोधली.
तिचा एक गुण तेवढा राहिला.